चाकाला लावायचे दगड

हॉलिवूडच्या 1954 सालच्या 'द लाँग, लाँग ट्रेलर'मध्ये दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेलींनी ल्युसिल बॉल आणि देसी आर्नाझ या (तेव्हा खऱ्याही) नवरा-बायकोला मोटारीमागे जोडलेल्या चाकांवरच्या घरात संसार मांडायला लावलाय. आडवाटेच्या मुक्कामात घर चिखलात कलतं नि बाईसाहेब दारातून थेट चिखलात! लोक हसतात. मीही हसलो, पण आमच्यातला कारकून हिशेब मागतो ना!

अहो, उंचसखल जागी घर सपाट करायची एक रीत आहे. आधी पाणसळ ठेवून डावं-उजवं बघायचं आणि खालच्या अंगाच्या चाकांखाली फळ्या घालून घर त्यावर चढवायचं. मग चाकांना पुढून-मागून अडण लावायची, आणि त्यानंतरच मोटार सोडायची. पुढचं-मागचं जमवायचं ते तोंडाकडच्या जॅकने. कोपऱ्यांचे पाय सगळ्यात शेवटी. ते डुगडुग थांबवतात, घर उचलत नाहीत. आणि जॅकवरच्या घराखाली शिरायचं नाही म्हणजे नाही!

मिनेलीसाहेबांना कलण्यातली गंमत दिसली, सावरण्यातली नाही, ही माझी तक्रार. चिखलात पडलेली बाई हसवते. निसटलेलं घर हसवत नाही.

पुढे मात्र त्यांनी मला निरुत्तर केलं. बाईसाहेब आठवण म्हणून ठिकठिकाणचे धोंडे नवऱ्यापासून लपवून घरात भरतात, आणि घाटात तेच ओझं जिवावर येतं. चाकाला लावायचे दगड घरात लपवले, की कुठल्याच संसाराची पाणसळ जुळत नाही!