चौक, वाटा आणि सासूबाई

वर्तमानपत्रांत नाटकाचे परीक्षण येते, पुस्तकाचे येते, अलीकडे तर मिसळीचेही येते. घराच्या नकाशाचे परीक्षण मात्र कुणी करीत नाही. वास्तविक नाटक वाईट निघाले तर तीन तासांचा प्रश्न. पुस्तक वाईट निघाले तर ते दुसऱ्याच्या वाढदिवसाला देऊन टाकता येते. घर वाईट निघाले तर त्यात राहावे लागते आणि वर वीस वर्षे हप्तेही भरावे लागतात. यातली हप्त्यांची बाजू मला चांगली ठाऊक आहे, कारण मी बँकेत कारकून आहे. कर्जाच्या अर्जाला टाचलेले कित्येक नकाशे माझ्या टेबलावरून गेले आहेत. बी. कॉम. झालेल्या माणसाने वास्तुकलेवर बोलू नये, असे काहींना वाटेल. पण ज्यांना 'सा' लावता येत नाही ते लोक गाण्यावर लिहितातच की!

तर परीक्षणासाठी आलेली कलाकृती म्हणजे आमच्या साडूंचे अलिबागजवळचे नियोजित घर. "अहो, तुम्ही बँकेतले. जरा नजर टाका," असे म्हणून साडूंनी ती गुंडाळी स्वतःच माझ्या हातात दिली. जागा एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे. त्यात आंबे अकरा, फणस दोन, विहीर एक. घर फक्त शनिवार-रविवारचे. राहणारी मंडळी म्हणजे साडूंचे कुटुंब, आम्ही, धाकटी मेव्हणी आणि तिचे यजमान, मेव्हणा सहकुटुंब, आणि ज्यांच्यामुळे आम्ही सगळे एकमेकांचे कुणीतरी लागतो त्या सासूबाई, वय वर्षे ८१.

नकाशासोबत आर्किटेक्टसाहेबांचे दोन पानी मनोगत होते. 'हे घर नसून एक प्रवास आहे,' अशी त्याची सुरुवात. मला तिथेच शंका आली. ठाण्याहून अलिबागला जाऊन आलेल्या माणसाला प्रवास झालेला असतो, घर हवे असते.

कथानक थोडक्यात असे. घरात तीन चौक आहेत, प्रत्येक नऊ मीटर बाय नऊ मीटर. चौकांभोवती चार बिऱ्हाडांच्या सुट्या खोल्या आहेत, आणि या सर्वांना जोडणाऱ्या वाटा झाडांमधून नागमोडी भटकत जातात. मनोगतात त्यांना 'भटक्या वाटा' असेच म्हटले आहे. फाटकापासून स्वयंपाकघर सरळ मोजले तर अठ्ठावीस मीटर. वाटेने गेले तर सत्तर. मधे पाच वळणे.

आता गुणदोष. चौक ही आपली जुनी गोष्ट, आणि मनोगतात 'वाडा-संस्कृती' हा शब्द चार वेळा आला आहे, म्हणून वाड्यापासूनच सुरू करू. वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीला नाना फडणीसांचा वाडा आहे. २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटाचे चित्रीकरण याच गावात झाले. वाड्याला सहा चौक. पेशवाईचा कारभार पुण्यात आणि वाडा गावात, म्हणजे जवळजवळ आमच्या साडूंचाच मामला. शिवाय फडणीस म्हणजे मुळात हिशेब ठेवणारा, तेव्हा आमच्याच पेशातला माणूस. हिशेबी माणूस सहा चौक उगाच बांधीत नाही. वाड्यातला चौक म्हणजे एक खाते असते. दिंडीतून आलेला माणूस पहिल्या चौकापर्यंत, कामकाजाचा सदरेपर्यंत, सोयरा आणखी आत, आणि अगदी आतला चौक बायकामुलांचा. कोण किती आत येऊ शकतो, याची ती नोंदवही. शिवाय संरक्षणासाठी बाहेरच्या भिंती बंद, म्हणून उजेड आणि वारा वरूनच घ्यायचा.

साडूंच्या एकराला चारी बाजूंनी वारा फुकट आहे. आणि आत येणारे सगळे सोयरेच, त्यांना अडवायचे कोणत्या चौकात? (मेव्हण्याच्या बाबतीत माझे काही विचार आहेत, पण ते नकाशाच्या परीक्षणात बसत नाहीत.)

दुसरे म्हणजे पाऊस. कोकणात वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पडतो. चारी छपरांचा उतार आत असलेल्या चौकात त्यातले किती पाणी येऊन पडेल, हा गुणाकार कोणत्याही कॉमर्सच्या विद्यार्थ्याला जमेल. कोकणातल्या माणसाने तो पिढ्यान्पिढ्यांपूर्वीच केला होता. म्हणून त्याने अंगण घराच्या पोटात न घेता पुढ्यात मांडले. पाऊस सरला की ते चोपायचे, शेणाने सारवायचे, वर मांडव घालायचा आणि मग त्यावर भात झोडायचे, सुपारी वाळवायची, लग्न लावायचे. त्या अंगणाला बारा महिन्यांपैकी आठ महिने नोकरी असे.

म्हणजे कोकणात घराच्या मधे अंगण घेऊच नये, असे नव्हे. मुरूड तालुक्यात काशीदला स्टुडिओ मुंबईने २००५ साली बांधलेले तारा हाऊस आहे. तेही अनेक पिढ्यांच्या एका कुटुंबाचे सुट्टीचे घर, आणि तेही बागेच्या अंगणाभोवती. पण त्या अंगणाच्या खाली पाण्याची एक खोली आहे. जमिनीतले पाणी तिथे येते आणि घराला व बागेला पुरवले जाते. वर फुले, खाली पाणी. म्हणजे त्याही अंगणाला नोकरी आहे. साडूंचे तिन्ही चौक मात्र सुशिक्षित बेकार आहेत.

आकाराबद्दलही थोडा हिशेब. बेलापूरला चार्ल्स कोरियांनी १९८०नंतरच्या दशकात जी वसाहत बांधली, तिथे सात घरांमिळून साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचे एक अंगण आहे, शिवाय प्रत्येक घराला आपली थोडी उघडी जागा. सात बिऱ्हाडांना चौसष्ट चौरस मीटर, आठवड्याचे सातही दिवस. आमच्याकडे चार बिऱ्हाडांना दोनशे त्रेचाळीस, आठवड्याचे दोन दिवस. बँकेच्या भाषेत याला भांडवल अडकून पडणे म्हणतात. आणि अंगण फार मोठे झाले की एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला जात नाही. मग माणसे मोबाईलवरून विचारतात, "चहा झाला का?"

आता वाटा. मनोगतात श्रीलंकेच्या जेफ्री बावांच्या लुनुगंगेचा दाखला आहे, आणि दाखला अस्सल आहे. बावा मूळचे वकील. १९४८ साली त्यांनी बेंटोटाजवळ सरोवराकाठची एक रबराची इस्टेट घेतली, मग वास्तुकला शिकले, आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षे सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन बाग घडवीत राहिले. टेकडीचा माथा उतरवून त्यांनी पलीकडचे पाणी नजरेत आणले. मधून जाणारा रस्ता घरातून दिसू नये अशी युक्ती केली. कोणत्या वेळी कुठे बसायचे, हे ठरलेले. बागेत ठिकठिकाणी घंटा टांगलेल्या. कोणती घंटा वाजली यावरून मालक कुठे बसले आहेत हे नोकरांना कळे.

पण बावा अविवाहित होते. त्यांना साडू नव्हते. आमच्या कुटुंबात घंटा वाजवली तर पहिल्या घंटेला कुणी येणार नाही आणि दुसऱ्या घंटेला भांडण होईल. आणि एक गोष्ट मनोगतात निसटली आहे. लुनुगंगेच्या प्रत्येक वळणाच्या टोकाला बघायला काहीतरी आहे. वळणाला कारण आहे.

आमच्या कोकणातल्या पाखाड्याही वाकड्याच असतात. पण कुणालाही विचारा. इथे का वळली? मधे फणस होता. तिथे का? अमक्यांचा गडगा होता. पुढे? विहिरीवर जायचे होते. साडूंची वाट सपाट जमिनीवर, मधे काही नसताना पाच वेळा वळते. ऐन जुलैत, शेवाळलेल्या जांभ्यावरून, तीस किलोचा भरलेला सिलिंडर खांद्यावर घेतलेला गडी या काव्याला कशी दाद देईल? आठ दिवसांत तो स्वतःची सरळ पायवाट पाडील, आणि पंधराव्या दिवशी आपण सगळे तिच्यावरून चालू लागू.

इथवर मी हसत होतो. वाचक म्हणून माझा खरा आक्षेप आहे तो शेवटच्या प्रकरणाला. सगळ्यांत लांबच्या वाटेच्या टोकाला, तिसऱ्या चौकापलीकडे, आंब्यांच्या आड एक खोली आहे. तिच्यावर लिहिले आहे 'आई', आणि खाली कंसात 'शांतता'.

सासूबाईंना शांतता नको आहे. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये ती सोमवार ते शुक्रवार पुरेशी मिळते. कोण आले, कोण अजून यायचे, कुणाचे जेवण राहिले, कोणते नातवंड रुसून बसले, हे दिसेल अशा जागी त्यांना बसायचे असते. ही चार बिऱ्हाडे अजून एका पानाला बसतात, ती त्यांच्या या टेहळणीमुळे. झाडांआडच्या चार वाटा केल्या की आम्ही शनिवारी रात्री आपापल्या वाटेने आत शिरू, रविवारी आपापल्या वाटेने निघून जाऊ, आणि एकत्र येऊ ते फक्त विजेचे बिल चार ठिकाणी वाटायला.

मी तो नकाशा सासूबाईंपुढे उलगडला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "छान आहे हो, जावईबापू. पण धुणं कुठं वाळत घालायचं?"

तीन चौक, पाच वळणे, दोन पाने मनोगत. दोरीला जागा नव्हती.

सबब या समीक्षकाची शिफारस अशी. चौक एकच ठेवावा आणि तो पुढ्यात आणावा, मांडवासकट, दोरीसकट. चारही बिऱ्हाडांची दारे त्यावर उघडावीत, म्हणजे रुसलेल्याला निदान दिसेल की बाकीचे जेवायला बसले आहेत. वाट फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत सरळ न्यावी. पाचांपैकी तीन वळणे रद्द. एक फणसाला वळसा घालायला ठेवावे. आणि एक सासूबाईंच्या पडवीवरून न्यावे, म्हणजे येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला त्यांच्यासमोर थांबल्यावाचून पुढे सरकता येणार नाही. ते वळण थोडे लांबचे पडेल. पडू द्यावे.