पोथ्यांवरील क्यूआर कोड : एक आक्षेप व एक सूचना

सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेंत श्री. रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोड जोडण्याचा उपक्रम केला. पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले, व २०२० सालीं डिसले यांस ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालें. ज्याचें आयुष्य खडू-फळ्यांत गेलें त्यास या गोष्टीचा आनंदच वाटेल. परंतु पाठ्यपुस्तक कांहीं वर्षांनीं बदलतें. पोथी बदलत नाहीं. खामगांवांतील एका संग्राहक मित्रांनीं आपल्या पोथ्यांच्या बासनांवरील जुन्या चिठ्ठ्या काढून त्यांच्या जागीं हे कोड चिकटविण्याचें मनांत आणिलें आहे. म्हणून हा विचार येथें मांडणें अवश्य वाटलें.

हा कोड १९९४ सालीं जपानांत डेन्सो वेव्ह या कंपनींतील मासाहिरो हारा यांनीं सिद्ध केला. हेतु मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्याचा होता. तीन कोपऱ्यांतील चौकोनांवरून यंत्रास कोडाची दिशा कळते. त्याची रचना अशी कीं सुमारें ३० टक्क्यांपर्यंत भाग नष्ट झाला तरी मूळ मजकूर भरून काढतां यावा. घनपाठांत पदें अनुलोम-विलोम क्रमानें पुनःपुन्हां म्हटलीं जातात व त्यामुळें एक पद चुकल्यास तें उघडकीस येतें. पाठरक्षणाचें तेंच तत्त्व येथें निराळ्या रूपानें आहे. या युक्तीस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं.

आक्षेप निराळा आहे. बहुधा या कोडांत वस्तूची माहिती नसतेच. माहिती जेथें ठेविली आहे तेथील केवळ पत्ता असतो. ती जागा बंद पडली, अथवा मध्यस्थाची वर्गणी थकली, कीं कोड अक्षत असूनही मुका होतो. गेल्या वर्षीं एका संग्रहालयांत ताम्रपटाखालील कोड मीं मोबाइलनें वाचला, तों ‘पान सांपडत नाहीं’ एवढेंच उत्तर आलें. शेजारीं छापील चिठ्ठी नव्हती. ताम्रपट शतकें टिकला; त्याचा परिचय मात्र टिकला नाहीं!

याच्या उलट रायबहादूर हिरालाल यांची मध्यप्रांत व वऱ्हाडांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूचि पाहावी. ती १९२६ सालीं नागपुरास प्रसिद्ध झाली. कारंज्याच्या जैन भांडारांतील ग्रंथांची वार्ता तीमुळें विद्वानांपर्यंत पोंचली. ती वाचण्यास आजही डोळ्यांवांचून दुसरें साधन लागत नाहीं. पोथीच्या अंतीं लेखक आपलें नांव, शक व स्थल लिहीत असे, त्यांतही हीच दूरदृष्टि होती : परिचय वस्तूबरोबरच राहावा.

तेव्हां माझी सूचना अशी. कोडांत पत्त्याबरोबर परिचयही घालावा. ३० टक्के हानि सोसणाऱ्या सर्वांत मोठ्या कोडांत १,२७३ बाइट मावतात. देवनागरीच्या एका चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे चारशेंहून अधिक चिन्हें झालीं. ग्रंथनाम, कर्ता, लेखक, शक, पत्रसंख्या व प्राप्तिस्थान यांस तीं पुरेशीं आहेत. असा कोड मोबाइलनें वाचतांना इंटरनेट नसलें तरी परिचय मिळेल. कोड मोठा व स्पष्ट छापावा. तो पोथीच्या पत्रास केव्हांही चिकटवूं नये. बासनाबाहेरील पेटीवर लावावा. त्याखालीं तोच परिचय व अनुक्रमांक ठळक देवनागरींत असावा, आणि एक छापील यादी निराळ्या ठिकाणीं ठेवावी.

जुनी चिठ्ठी मात्र काढूं नये. तीवरील हस्ताक्षर, क्रमांक व मालकाचें नांव हा त्या पोथीच्या प्रवासाचा पुरावा आहे. एकदां ती फाडून टाकली कीं कोणताही कोड ती परत आणूं शकणार नाहीं. मित्रांस मीं हेंच कळविलें आहे. इतर संग्राहकांनींही आपला अनुभव कळवावा, ही विनंति.