‘सामना’, ‘सिंहासन’ आणि कॉलेजचं भित्तिपत्रक

मंडळी, भोरला बोलायला आलो की एक जुनं देणं आठवतं. आधी ते सांगतो.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस मी नवखा प्राध्यापक होतो. कॉलेजच्या भित्तिपत्रकाचं काम सगळ्यांत ज्युनियर माणसाच्या गळ्यात पडतं, तसं माझ्या पडलं. वेळवंड खोऱ्यातल्या एका मुलानं ‘सामना’वर लिहून आणलं. त्याचं म्हणणं असं : सिनेमातल्या हिंदुराव धोंडे पाटलाचा साखर कारखाना उसावर चालतो, ऊस पाण्यावर. आणि आमच्या भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे जातं. मग या गोष्टीत आमची धरणाखाली गेलेली गावं कुठायत? मी तो परिच्छेद कापला. शेरा मारला, ‘विषयांतर’.

आज वाटतं, अख्ख्या लेखात समीक्षा होती ती तेवढीच. बाकी अभिनय छान, संवाद खटकेबाज, हे कुणीही लिहितं.

आता ‘सामना’ पुन्हा बघा. पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. दोघंही नाटकातून आलेले. म्हणून सत्ता कशी दिसते? दोन माणसं समोरासमोर. लागूंचा दारुडा मास्तर बेपत्ता मारुती कांबळेचं विचारत राहतो आणि निळू फुल्यांचा हिंदुराव आतून हलतो. ही जुगलबंदी अप्रतिम आहे, पण तिचाच एक तोटाही आहे. आपण हिंदुरावाच्या प्रेमात पडतो. सत्ता म्हणजे एका माणसाचा स्वभाव, आणि तो पश्चात्तापानं सुटू शकतो, असं वाटायला लागतं. कालव्याला कुठला आलाय पश्चात्ताप? (हसू नका, हा तत्त्वज्ञानातला गंभीर प्रश्न आहे.)

१९७९च्या ‘सिंहासन’मध्ये ही चूक बरीच सुधारलेली दिसते. तिथे मंत्रालय, कामगार पुढारी, तस्कर अशी सगळी यंत्रणाच समोर येते. मूळ कादंबऱ्या अरुण साधूंच्या, म्हणजे मुरलेल्या पत्रकाराच्या. पुढे ते पुणे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाचे प्रमुखही झाले. गंमत अशी, की कालचे हिंदुराव निळूभाऊच इथे पत्रकार दिगू टिपणीस आहेत! दिगूला सगळं कळतं. शेवटी त्याचा तोल सुटतो.

पण दिगू मोठ्या पेपरातला. आमच्या पोराकडे होता एक कार्डशीट आणि चार टाचण्या. त्याला कुणाची जाहिरात जपायची नव्हती, कुठला मंत्री सांभाळायचा नव्हता. सांभाळायची सवय होती ती मला. त्या काळी कॉलेजांत प्रमुख पाहुणे कोण येतात, इमारतीला देणगी कोण देतं, हे न सांगता कळायचं. मला कुणी फोन केला नव्हता. कात्री मीच उचलली.

त्या मुलाला वर्षाअखेर मी गुण मात्र चांगले दिले.