दगडांची साक्ष

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील वॉक्साहाची या लहानशा गावी एलिस परगण्याचे न्यायालय १८९७ साली पूर्ण झाले. वास्तुशिल्पकार जेम्स रायली गॉर्डन. गुलाबी ग्रॅनाइट, तांबडा वालुकाश्म, अर्धवर्तुळाकार जाड कमानी आणि मधोमध उंच मनोरा. हा मनोरा निव्वळ दिमाखासाठी नव्हे. त्याखाली जिन्याचा मोकळा गाळा ठेवल्याने तापलेली हवा वर निघून जाई. सौंदर्य व सोय यांची ही सांगड आम्हांस थोर वाटते.

पाहुण्यांना मात्र निराळीच गोष्ट सांगितली जाते. एका तरुणीने कारागिराचे प्रेम नाकारले, म्हणून म्हणे त्याने खांबांवर कोरलेले तिचे मुख उत्तरोत्तर विद्रूप होत गेले! या कथेला कागदोपत्री आधार नाही. सुंदर मुखांशेजारी विक्राळ मुखे कोरण्याची रीत रोमनेस्क शैलीत जुनीच आहे. युरोपातील मध्ययुगीन ख्रिस्तमंदिरांतही ती दिसते.

पुराव्यावाचून कोणास दोषी ठरवू नये, असे जेथे मानतात, त्याच दारात दोन जिवांची बदनामी व्हावी, हे आम्हांस खटकते. दगडांविषयी बोलतानाही साक्षीदाराइतकेच जपून बोलावे.