आवडीची उतरंड

चित्रपट पाहून आल्यावर त्यावर वाद घालण्याची हौस महाराष्ट्रीयांना पहिल्यापासूनच आहे. पण अलीकडे या वादानें एक निराळेंच रूप धारण केलें आहे. सुशिक्षित कुटुंबांतील तरुण मंडळी सुटीच्या दिवशीं एकत्र जमली, कीं रेखाटलेल्या चित्रांच्या चित्रपटांपैकीं, म्हणजे ज्यांना शास्त्रीय परिभाषेंत ॲनिमेशनपट आणि घरगुती बोलींत नुसतें 'कार्टून' म्हणतात त्यांपैकीं, सर्वांत श्रेष्ठ दहा कोणते, असा प्रश्न निघतो. मग प्रत्येक जण आपापली क्रमवारी मांडूं लागतो. पोहे निवतात, चहा निवतो, तरी वाद कांहीं निवत नाहीं. आमच्या पनवेलमध्यें हा प्रकार मीं महाविद्यालयांतील शिक्षकांच्या खोलींत ऐकला आहे, वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहांत नाटकाच्या मध्यंतरांत ऐकला आहे, आणि घरोघरीं तर तो नित्यच चाललेला असतो. पोरखेळ म्हणून त्याची बोळवण करणारे वडीलधारे पुष्कळ आहेत. मला तसें करवत नाहीं. ज्या घरांत मुलें एखाद्या कलाकृतीसाठीं तावातावानें भांडतात, त्या घरांत रसिकतेचें बीज पडलेलेंच असतें. प्रश्न एवढाच, कीं तें रुजतें कीं नुसतें भिजून कुजतें.

या याद्या लक्षपूर्वक ऐकल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. ज्यानें 'लायन किंग'ला (१९९४) अग्रपूजेचा मान दिला, त्याचें बालपण कोणत्या वर्षांत गेलें हें त्याला विचारावें लागत नाहीं. 'टॉय स्टोरी' (१९९५) ही सर्वस्वीं संगणकावर घडविलेली पहिली पूर्ण लांबीची कृति. तिचे भक्त त्याच्या मागोमागचे. हल्लींचे विद्यार्थी मियाझाकी आणि ताकाहाता या जपानी दिग्दर्शकांखेरीज दुसऱ्या कोणाचें नांव ऐकून घेण्यास राजी नसतात. म्हणजे यादी म्हणून जी पुढें येते, ती बहुधा बोलणाऱ्याची जन्मपत्रिकाच असते. तींत कोणता ग्रह उच्चीचा, हें त्या चित्रपटाच्या गुणांवरून ठरत नसून, तो कोणत्या वयांत, कोणाच्या मांडीवर बसून आणि कोणत्या भाषेंत पाहिला यावरून ठरत असतें.

'जंगल बुक'विषयींचा वाद हें याचें उत्तम उदाहरण आहे, आणि तें आपल्या अंगणांतलेंच म्हटलें पाहिजे. मूळ कथांचा कर्ता रड्यार्ड किप्लिंग हा १८६५ सालीं मुंबईस जन्मला; त्याचा बाप तेथील जे. जे. कलाशाळेंत अध्यापक होता. डिस्नेच्या संस्थेनें या कथांवर १९६७ सालीं चित्रपट काढला. तो प्रेक्षकांपुढें येण्यापूर्वींच, १९६६ च्या डिसेंबरांत, वॉल्ट डिस्ने निवर्तला होता. पुढें जपानी कलावंतांनीं त्याच कथांवर एक मालिका केली, आणि ती हिंदी पेहराव चढवून १९९३ पासून दूरदर्शनवर दर रविवारीं दाखविण्यांत येऊं लागली. गुलजार यांचें शीर्षकगीत अद्याप अनेकांच्या ओठांवर आहे. शेरखानास आवाज दिला होता नाना पाटेकर यांनीं. ते आमच्याच रायगड जिल्ह्यांतील मुरूडचे. आतां चाळिशीच्या घरांत आलेला एखादा काका जेव्हां 'खरा शेरखान तोच' असें ठासून सांगतो, तेव्हां तो रेषेविषयीं बोलत नसून आवाजाविषयीं बोलत असतो. आणि घरच्या पडद्यावर डिस्नेचा वाघ इंग्रजींत पाहणारा त्याचा पुतण्या दुसऱ्याच प्राण्याची तरफदारी करीत असतो. हें भांडण मिटावें कसें?

तें मिटवावयाचें तर मूळाकडे गेलें पाहिजे. किप्लिंगचा शेरखान जन्मापासून एका पायानें अधू. त्याची आईच त्याला लंगडा म्हणे. डिस्नेच्या चित्रकारांनीं हें व्यंग काढून टाकलें, आणि जॉर्ज सँडर्स या नटाच्या सुसंस्कृत आवाजाला शोभेल असा एक संथ, खानदानी, सगळ्यांकडे तुच्छतेनें पाहणारा वाघ रंगविला. बाळू अस्वल मूळांत जंगलचे कायदे घोकून घेणारा कडक पंतोजी. डिस्नेकडे तो ऐषआरामी पोटभरू झाला. साहित्याचा अध्यापक या नात्यानें या मोडतोडीचा मला राग यावयास हवा. पण त्या अस्वलाची चाल पाहावी, झाडाच्या बुंध्याला पाठ घासतांना त्याचा जो देह हेलकावतो तो पाहावा! कागदावरच्या चार रेषांना एवढें वजन आलें कोठून, असें वाटतें. कथानक मात्र सैल आहे. एकामागून एक प्राणी भेटतात, गातात, आणि निघून जातात. काकांच्या मालिकेंत आवाज मोठा, परंतु रेषा काटकसरीची. दर आठवड्याला एक भाग पुरा करावयाचा म्हटलें कीं चित्रांची संख्या आटोपती ठेवावीच लागते. तेव्हां रेषेपुरता निकाल पुतण्याच्या बाजूनें लागतो, मग त्याचीं कारणें त्यानें दिलेलीं असोत वा नसोत.

क्रम लावणें हें आपल्या परंपरेंत कांहीं पाप मानलेलें नाहीं. संस्कृत रसिकांनीं कालिदासाला उपमेसाठीं आणि भारवीला अर्थगौरवासाठीं मान वांटून दिला. अकराव्या शतकांतील काश्मिरी पंडित मम्मट यानें तर 'काव्यप्रकाशां'त सबंध काव्य उत्तम, मध्यम आणि अवर अशा तीन पायऱ्यांवर बसविलें. पण त्यानें नांवांची यादी केली नाहीं. आधीं कसोटी सांगितली. उघड सांगितलें त्याहून सुचविलेलें जेथें वरचढ, तें उत्तम; सूचितार्थ असून गौण, तें मध्यम; आणि जेथें नुसता शब्दाचा वा अर्थाचा चमत्कार, तें अवर. गंमत अशी, कीं या शेवटल्या वर्गाला त्यानें नांव दिलें आहे 'चित्र'. ॲनिमेशनपटाचें सारें संकट या एका शब्दांत आलें आहे. पडद्यावर दिसणारें प्रत्येक पान, प्रत्येक पापणी येथें कोणी तरी मुद्दाम काढलेली असते. वाऱ्यानें चुकून हललें असें कांहींच नसतें. सर्व कांहीं दाखवितां येत असल्यामुळें सर्व कांहीं दाखविण्याचा मोह अनावर होतो. म्हणूनच या कलेंत न दाखविण्याचें मोल अधिक.

या कसोटीवर 'बॅम्बी' (१९४२) लावून पाहावा. पाडसाची आई मरते तो प्रसंग सर्वांना ठाऊक आहे; पण त्यांत खरोखर दिसतें काय? आई पळण्यास सांगते, पाडस धांवतें, बंदुकीचा एक आवाज होतो. पाडस सुरक्षित जागीं पोंचून मागें पाहतें तों मागें कोणी नसतें, आणि बर्फ पडूं लागतें. हरिणीचें प्रेत दाखविलेलें नाहीं. शिकारी मनुष्य तर अखेरपर्यंत पडद्यावर येतच नाहीं. टायरस वाँग या चिनी वंशाच्या चित्रकाराच्या प्रेरणेनें त्यांतील अरण्यही पानापानानें न रेखाटतां रंगांच्या धुक्यांतून सुचविलेलें आहे. उलट 'लायन किंग'मध्यें पित्याचें कलेवर समोर पडलेलें दिसतें, छावा त्याला हलवितो, आणि अखेर त्याच्या निर्जीव पंजाखालीं शिरून निजतो. प्रसंग हृदयद्रावक खरा. पण पाहणाऱ्याच्या कल्पनेला करण्यासारखें तेथें कांहीं उरत नाहीं. "सर, पण आम्ही रडलों तें तेथेंच," असें एका विद्यार्थिनीनें मला वर्गांत सुनावलें. रडण्यास माझी हरकत नाहीं. कांदा चिरतांनाही मनुष्य रडतो.

जपानी चित्रपटांचा तरुणांनीं चालविलेला उदोउदो या दृष्टीनें अगदींच अकारण नाहीं. १९८८ च्या एप्रिलमध्यें ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' आणि मियाझाकी यांचा 'माय नेबर टोटोरो' हे दोन चित्रपट तेथें जोडीनें, एकाच खेळांत दाखविले गेले. पहिल्यांत युद्धानें पोरकीं झालेलीं दोन भावंडें आहेत, आणि गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा आहे. प्रथम त्यांत गोळ्या असतात. त्या संपल्यावर त्यांत पाणी घालून गोडवा पिऊन घेतला जातो. शेवटीं त्यांत धाकट्या बहिणीच्या अस्थि असतात. युद्धाविषयींचें एकही व्याख्यान न देतां एका डब्यानें सर्व काम केलें आहे. मम्मटाला हा डबा दाखवावासा वाटतो.

असो. या सगळ्या याद्यांत भारतीय नांव मात्र सहसा आढळत नाहीं, आणि मग कोणी तरी स्वदेशाभिमानी गृहस्थ उसळून 'हनुमान'चें नांव घेतो. व्ही. जी. सामंत यांनीं दिग्दर्शिलेला हा चित्रपट २००५ सालीं आला आणि त्याला मोठा लोकाश्रय लाभला. त्यांतील बाल-हनुमान गोजिरा आहे, यांत शंका नाहीं. पण उड्डाण हा ज्या देवाचा धर्म, त्याचें उड्डाण पाहतांना आपलें अंग हलकें होत नाहीं. आकृति पुढें सरकते, झेपावत नाहीं. त्याच्या आधीं एक तप 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' हा चित्रपट तयार झालेला होता. युगो साको या जपानी निर्मात्याचा हा ध्यास. दिग्दर्शनांत त्याच्यासह कोइची सासाकी आणि आपले राम मोहन होते, संगीत वनराज भाटिया यांचें. परक्यानें रामकथेचें 'कार्टून' करावें, याला येथें विरोध झाला. १९९३ च्या जानेवारींत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांत तो दाखविला गेला; पण देशभर चित्रपटगृहांतून नव्या झळाळीनें झळकावयास त्याला २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला. कुंभकर्णाच्या प्रसंगांत त्या प्रचंड देहाचें ओझें रेषेंतून जाणवतें. 'हनुमान'मध्यें नेमकें तेंच हरवलें आहे. हात जपानी म्हणून तो चित्रपट आपला नव्हे, असें म्हणणारांनीं राम मोहन यांची गुरुपरंपरा पाहावी. १९५६ सालीं ते मुंबईस फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट-विभागांत शिरले आणि क्लेअर वीक्स यांच्या हाताखालीं तयार झाले. हे वीक्स पूर्वीं डिस्नेकडे 'बॅम्बी'वर काम केलेले. कलेंत सोंवळें पाळावयाचें म्हटलें तर कोणाच्याच घरीं पान वाढतां येणार नाहीं.

माझ्या पिढीची मात्र एक वेगळीच ठेव आहे, आणि ती कोणत्याच यादींत नसते. विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' (१९७४) हा जेमतेम सात मिनिटांचा लघुपट. चित्रण भीमसेन यांचें, संगीत प्रभातच्या तालमींत वाढलेल्या वसंत देसाई यांचें, आणि गाणारी मुलगी म्हणजे पुढें नांवारूपास आलेली साधना सरगम. पारध्याचें जाळें घेऊन उडणारीं पांखरें पाहिलीं कीं आजही पन्नाशीचे गृहस्थ गुणगुणूं लागतात. मलाही तें आवरत नाहीं. तरी पण येथें माझीच कसोटी मला आड येते. पांखरांनीं जाळ्यासकट झेप घेतली तेथें अर्थ पुरा झाला होता. तो पुन्हां ताई धाकट्या भावाला शब्दांनीं समजावून सांगते. शिक्षणासाठीं काढलेल्या लघुपटाचें तें कामच होतें, आणि तें त्यानें उत्तम केलें; परंतु मम्मटाच्या पायऱ्यांवर तो मध्यमांतच बसतो. माझ्या वयाच्या मित्रांना हा निकाल रुचलेला नाहीं.

आणखी एक गोष्ट या वादांत विसरली जाते. 'स्नो व्हाइट' (१९३७) हा जगांतील पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट असें मुलें बेधडक सांगतात. त्याच्या अकरा वर्षें आधीं लोटे रायनिगर या जर्मन बाईंनीं कातरलेल्या काळ्या आकृतींच्या छायांतून 'प्रिन्स अखमेद' उभा केला होता. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनीं पाहिला असेल त्यांना तो परका वाटणार नाहीं. त्याच्याही आधीं, १९१७ सालीं, अर्जेंटिनांत क्रिस्तियानी यानें असा एक चित्रपट केला होता. पण तो नष्ट झाला, आणि नष्ट झालेल्याला क्रमांक कोण देणार?

हा प्रश्न आपल्यालाही फार जवळचा आहे. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वीं दादासाहेब फाळके यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडथोड्या अंतरानें टिपून, पेरलेला दाणा पाहतां पाहतां वेल होतो असें पडद्यावर दाखविलें, आणि त्या जोरावर भांडवल मिळविलें. एकेक चौकट सुटी घेऊन अचलाला चल करणें, हेंच तर ॲनिमेशनचें मर्म. १९१५ सालीं, महायुद्धामुळें साहित्याची चणचण असतांना, त्यांनीं 'आगकाड्यांची मौज' काढली. तींत काड्याच नटांसारख्या हलत. १९३४ सालीं पुण्यास प्रभात कंपनीनें रघुनाथ केळकरांकडून 'जंबूकाका' करविला; जंबुक म्हणजे कोल्हा, हें जाणणाराला त्या नांवांतच हंसूं येतें. फाळक्यांच्या काड्या आज पाहावयास मिळत नाहींत. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या, म्हणजे काडीइतक्याच ज्वालाग्राही. पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं. आणि २००३ सालीं तेथील कोठाराला लागलेल्या आगींत प्रभातच्या कित्येक मूळ फिती भस्म झाल्या. आपण उतरंड रचतों ती वरच्या लहान मडक्यांपासून. खालचीं मोठीं मडकीं जागेवर आहेत कीं नाहींत, हें पाहावयास कोणी वांकत नाहीं.

मुलें मलाही क्रम विचारतात, तेव्हां तो टाळणें बरें नव्हे. 'बॅम्बी' पहिला, गोळ्यांच्या डब्यासाठीं ताकाहातांचा चित्रपट दुसरा. 'स्नो व्हाइट'ला तिच्या वयाचा मान म्हणून कोणी वर चढवूं नये. राजकन्येपेक्षां त्यांतील सात बुटके शतपटीनें जिवंत आहेत. 'जंगल बुक' अस्वलापुरतें वर, एरवीं खालीं. साकोंचें 'रामायण' पहिल्या दहांत निःसंशय, आणि तें देशाभिमानाच्या सवलतीवांचून. 'लायन किंग' दहाव्या क्रमांकावर ठेवला म्हणून माझ्या वर्गांत अद्याप कुरबूर चालू आहे.