तरवडीचा ‘दीनमित्र’ : एक वाङ्मयविचार

मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आमचे इतिहासकार वृत्तपत्रांस सहसा दाराबाहेर ठेवीत नाहीत. लोकहितवादींची शतपत्रे ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून आली, आगरकरांचे निबंध ‘केसरी’ व ‘सुधारक’ यांतून आले, आणि तरीही त्यांस निबंधवाङ्मयाच्या अग्रभागी स्थान मिळाले. ते योग्यच झाले. साप्ताहिकाचा कागद आठवड्याने रद्दीत जातो म्हणून त्यावरील विचारही रद्दी ठरत नाही, हे तत्त्व आम्ही केव्हाच मान्य करून चुकलो आहो. मग हेच तत्त्व मुंबई-पुण्याच्या वेशीबाहेर गेले की एकाएकी का थबकते, हा प्रश्न वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेख लिहीत आहो. त्यासाठी आम्ही जे उदाहरण घेत आहो ते नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील तरवडी या खेड्यातून निघणाऱ्या ‘दीनमित्र’ साप्ताहिकाचे होय.

प्रथम त्याची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला. त्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी १८७७ च्या आरंभी पुण्यात ‘दीनबंधु’ पत्र काढले. पुढे ते १८८० मध्ये मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती गेले. भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव हे तरवडीच्या पाटील घराण्यात दत्तक गेले. याच घराण्यातील गणपतराव पाटील यांनी १८८८ च्या सुमारास ‘दीनमित्र’ नावाचे पत्र चालविले होते. ते बंद पडले, परंतु नाव घरात राहिले. १९१० साली कृष्णराव वारले, आणि त्याच वर्षी मुकुंदरावांनी जुन्या नावाचे नवे साप्ताहिक त्याच जिल्ह्यातील सोमठाणे या गावी सुरू केले. नंतर बिऱ्हाड तरवडीस हलले. मुकुंदरावांचा अंत १९६७ साली झाला, आणि तोपर्यंत पत्र चालले. सत्तावन्न वर्षे, एक संपादक, एक खेडे! हिंदुस्थानातील ग्रामीण पत्रांत पहिलेपणाचा मान त्यास देण्यात येतो. पहिलेपणाचे वाद आम्हांस फारसे रुचत नाहीत. आम्हांस या टिकाऊपणाचेच नवल अधिक वाटते.

नवल वाटण्याचे कारण उघड आहे. १९१० हेच वर्ष नव्या मुद्रणकायद्याचे. त्या कायद्यान्वये नवा छापखाना घालणारास सरकारात जामीन भरावा लागण्याची टांगती तलवार होती. पुढच्याच वर्षीच्या खानेसुमारीत साऱ्या देशातील साक्षरांचे प्रमाण शेकडा सहांच्या आतबाहेर भरले. ज्या वर्गासाठी हे पत्र होते त्यात तर ते याहूनही कमी असणार. शहरातील पत्रास जाहिरातदार असतात, वाचनालये असतात, दोन पावलांवर कागदाचा व्यापारी असतो. खेड्यातील पत्राने खिळे, शाई, कागद बाहेरून आणावयाचे, अंक टपालाने बाहेर पाठवावयाचे, आणि वर्गणी मात्र ज्याच्या घरी पैसा सुगीलाच दिसतो त्याच्याकडून मागावयाची! अशा व्यवहारात पत्र दोन वर्षे चालले तरी धन्य म्हणावे.

परंतु चिकाटी हा माणसाचा गुण झाला. लेखनाचा गुण निराळा दाखविला पाहिजे. तो आमच्या मते असा की, मुकुंदरावांनी आपला वाचक हा मुळात श्रोता आहे, हे ओळखले. ज्या गावात वाचणारा एखाददुसरा, तेथे पत्र चावडीवर किंवा पारावर मोठ्याने वाचले जावयाचे. कानासाठी लिहिलेले गद्य डोळ्यांसाठी लिहिलेल्या गद्याहून भिन्न असते. त्यात संस्कृत समासांचे ओझे चालत नाही. वाक्य एका दमात संपावे लागते. टोमणा ऐकताक्षणी उमगावा लागतो. चिपळूणकरांच्या वळणाचे गद्य हेच काय ते प्रौढ मराठी, असे ज्यांच्या मनात घट्ट बसले आहे त्यांस ‘दीनमित्रा’ची भाषा रांगडी वाटेल. ती रांगडी आहेच. पण ती घडविलेली रांगडी आहे. ‘आसुडाचे फटके’ हे त्यातील सदराचे नावच पाहा. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे स्मरण त्यात आहे, आणि बैलामागे चालणाऱ्या माणसाच्या हातातील वस्तूही त्यात आहे.

हीच दृष्टी मुकुंदरावांच्या ‘कुलकर्णी लीलामृत’ या १९१३ च्या ओवीबद्ध काव्यात अधिक स्पष्ट दिसते. श्रीधराचे ‘शिवलीलामृत’ घरोघर वाचले जाते, हे वाचकांस सांगावयास नको. श्रावणात ज्याने ही पोथी ऐकली आहे, त्यास ‘लीलामृत’ हा शब्द कानी पडताच हात जोडण्याची सवय. त्याच शब्दापुढे शिवाऐवजी गावचा कुलकर्णी बसविला की, एक अक्षरही पुढे न वाचता अर्धी टीका होऊन गेली! देवाच्या लीला ऐकावयास बसलेल्या शेतकऱ्यास येथे दप्तराच्या लीला ऐकविल्या आहेत. विडंबनास मूळ रचना श्रोत्याच्या मुखोद्गत असावी लागते. इंग्रजी शिकलेल्यांची विडंबने पुष्कळदा याच ठिकाणी पडतात, कारण त्यांचे मूळ मूठभरांसच ठाऊक असते. मुकुंदरावांनी सर्वांस ठाऊक असलेले मूळ निवडले.

आणि विषयही नेमका निवडला. कुलकर्ण्याचे सामर्थ्य तलवारीचे नव्हते, ते लेखणीचे होते. शेतसाऱ्याची बाकी, जमिनीची नोंद, देण्याघेण्याचे कागद, हे सारे दप्तरात मोडी लिपीत बंद. ज्याच्याविषयी लिहिले त्यास ते वाचता येत नसे. १८७५ च्या दंग्यात पुणे व नगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हुडकून जाळली, ती उगीच नव्हेत. कागद हाच आपला वैरी, असा त्यांचा अनुभव होता. ‘दीनमित्रा’ने कागद जाळला नाही; त्याने दुसरा कागद छापला, आणि तो शेतकऱ्याच्या बाजूने बोलू लागला. आमच्या मते या पत्राच्या इतिहासातील मर्माची गोष्ट ती हीच. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी कुलकर्णी वतने १९१८ साली बंद केली, आणि मुंबई राज्यात ती १९५० च्या कायद्याने गेली. विनोदाचा विषय पुढे कायद्याचा विषय झाला, म्हणजे तो विनोद केवळ कुचेष्टा नव्हता, हे सिद्ध होते.

असे असले तरी दोष झाकणे हे टीकाकाराचे काम नव्हे. पहिला दोष असा की, फटका पुष्कळदा वतनावर न पडता जातीवर पडतो. ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ या त्यांच्या कादंबरीच्या नावातच पात्राचा सारा स्वभाव सांगून टाकला आहे. मग कादंबरीत शोधावयाचे काय उरले? नावाने ठरलेले पात्र वाढत नाही, ते फक्त पुनःपुन्हा हास्यास्पद होते. प्रहसनास हे चालेल, कादंबरीस चालत नाही. दुसरा दोष राजकीय दृष्टीचा. सामाजिक दास्य आधी, राजकीय दास्य मागून, ही सत्यशोधकांची भूमिका तर्कशुद्ध होती. पण ‘देशभक्त’ हा शब्द थट्टेचाच मानण्याची सवय जडली की, खरा देशभक्त समोर आला तरी ओळखू येत नाही. १९३० नंतर केशवराव जेध्यांसारखे ब्राह्मणेतर पुढारी काँग्रेसमध्ये गेले, त्यांस हे जाणवले असावे.

तिसरी मर्यादा एका थोर समकालीनानेच दाखवून ठेविली आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ काढले तेव्हा, बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा करणाऱ्या पत्रांत ‘दीनमित्रा’चा उल्लेख त्यांनी आदराने केला, परंतु ब्राह्मणेतर म्हणून जो मोठा समूह आहे त्याच्या प्रश्नांच्या गर्दीत बहिष्कृतांस पुरेशी जागा मिळणे शक्य नाही, असेही बजावले. ‘दीन’ हा शब्द मोठा आहे, पण त्यात कोण किती मावतो, हा प्रश्न राहतोच. मित्राच्या घरीही आपले स्वतंत्र अंथरूण हवे, असे ज्यास वाटले त्यास आम्ही दोष देणार नाही. ‘दीनमित्रा’सही देणार नाही.

हे सर्व वजा घालूनही बाकी मोठी राहते. ज्या नेवासे भूमीत ज्ञानेश्वरांनी गीतार्थ मराठीत आणिला, त्याच तालुक्यातील एका खेड्यातून सहा शतकांनी पुन्हा एकदा सामान्यांच्या भाषेत सामान्यांसाठी लिहिण्याचा उद्योग झाला. दोहोंची तुलना करण्याचा वेडेपणा आम्ही करीत नाही. एक मोक्षाचा ग्रंथ, दुसरे भांडणाचे पत्र. पण जे ज्ञान थोड्यांच्या कुलपात आहे ते बाहेर आणावे, ही तळमळ दोहोंकडे आहे.

मुकुंदरावांचे ग्रंथ व निवडक अग्रलेख आता संकलित होऊन उपलब्ध झाले आहेत. म्हणून ‘मिळत नाही’ ही सबब उरलेली नाही. ज्यांच्या घरी ‘निबंधमाला’ आहे त्यांनी तिच्या शेजारी हेही पुस्तक ठेवावे. एकाने मराठी भाषेचा अभिमान शिकविला. ती भाषा ज्यांच्या घामावर पोसली ते तीतून काय बोलत होते, हे दुसऱ्याने सांगितले. ते ऐकताना काही ठिकाणी आपणांस राग येईल. तो येऊ द्यावा, आणि पान उलटून पुढे वाचावे.