डोंगरावर मोजलेला कण जन्मला कुठे?

वर्ध्यात बसून डोंगरावरच्या हवेबद्दल लिहायचं, याची काहींना गंमत वाटेल. आपलं शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम 230 मीटरवर. पण आजच्या शोधनिबंधातली मुख्य अडचण आपल्यासारख्या सपाट मुलखाशीच जोडलेली आहे.

निबंध 2022 सालचा, मॅथ्यू सेबॅस्टियन, विजय कानवडे आणि सहकाऱ्यांचा. विषय आहे भारताच्या हवेत नवे कण कधी आणि किती वेगाने तयार होतात. आधी हे प्रकरण समजून घेऊ. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड उन्हात सल्फ्युरिक आम्ल बनतो. या आम्लाची वाफ, अमोनिया आणि झाडांतून निघणारी सेंद्रिय द्रव्यं एकत्र येऊन एक-दीड नॅनोमीटरचा पुंजका तयार होतो. बरेच पुंजके हवेतल्या जुन्या, मोठ्या कणांना चिकटून संपतात. उरलेले वाफ गोळा करत वाढतात आणि 50 ते 100 नॅनोमीटरचे झाले की त्यांच्यावर ढगाचा थेंब धरू शकतो. ढगात थेंब किती आणि केवढे, हे अशा कणांवर अवलंबून असतं. पावसाच्या भरवशावर कपाशी पेरणाऱ्या जिल्ह्याला हा विषय परका नाही.

निबंधात सहा ठिकाणं आहेत. राणीचौरी, मुक्तेश्वर आणि आपलं महाबळेश्वर ही डोंगरावरची. दिल्ली, हैदराबाद आणि भुवनेश्वर खालची. सहाही ठिकाणच्या किमान वर्षभराच्या नोंदी एकाच पद्धतीने तपासल्या, हे या कामाचं खरं मोल. मार्च ते मे या काळात सुमारे 21 टक्के दिवशी नवे कण तयार होताना दिसले, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुमारे 7 टक्के. शहरांत कण तयार होण्याचा वेग डोंगरांपेक्षा जवळपास दहापट निघाला.

या दहापटीवरच माझा आक्षेप आहे.

हा वेग जन्माच्या क्षणी मोजलेला नाही. यंत्राला जो सगळ्यात लहान कण दिसतो, तिथून मोजणी सुरू होते. मुक्तेश्वरच्या जुन्या नोंदींत ही मर्यादा 10 नॅनोमीटर होती. आता साधा हिशोब करा. कण तासाला 3 नॅनोमीटरने वाढतोय असं धरलं, तर दीडचा दहा व्हायला जवळपास तीन तास लागतात. वारा ताशी 15 किलोमीटर असेल, तर तेवढ्यात तो कण 40 किलोमीटरपेक्षा जास्त लांब गेलेला असतो. म्हणजे यंत्राने पकडला महाबळेश्वरला, पण त्याचं जन्मगाव भलतंच असू शकतं. वाटेत किती कण मेले, ते वेगळंच.

दुसरा मुद्दा 'डोंगरावरची पार्श्वभूमीची ठिकाणं' या नावाचा. नाव ऐकून वाटतं की ही गावाखेड्यांच्या धुरापासून अलग, वरची हवा. पण मे महिन्यात विदर्भाची जमीन तापली की दुपारी खालची हवा 2 किलोमीटरच्याही वर घुसळली जाते. सपाटीवरची हवा अशी वर येते, तेव्हा साधारण 1,350 मीटर उंचीचं महाबळेश्वर त्या घुसळणीबाहेर राहतं असं गृहीत धरता येत नाही. नाइटोला आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 2,180 मीटरवरच्या मुक्तेश्वरबद्दल हेच दाखवलं होतं: नवे कण मुख्यतः वसंतात दिसतात, खालच्या हवेचा थर स्टेशनच्या उंचीला पोचतो तेव्हा. मग डोंगर आणि शहर ही दोन वेगळी खाती कशी मांडायची?

निबंधातलाच एक आकडा या शंकेला बळ देतो. एका घटनेमागे 50 नॅनोमीटरवरच्या कणांत पडणारी भर शहरांत घनसेंटिमीटरला सुमारे 4,300, डोंगरांवर 2,700. पण 100 नॅनोमीटरवरच्या कणांत ती 1,200 आणि 1,000. सुरुवातीला दहापट फरक, शेवटी जवळपास बरोबरी! डोंगरावर थोडेच कण जन्मून चांगले वाढत असतील, किंवा खालून वाढलेले कण वर येत असतील. दोन्ही शक्य आहे. या नोंदींवरून निवाडा होत नाही, कारण सहा ठिकाणची मोजमापं एकाच वेळची नाहीत. लेखकांनी हे सारांशातच सांगितलंय, आणि कण ज्यांपासून बनतात त्या वायूंचीही जागेवर मोजणी हवी असा आग्रह धरलाय. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार 'डोंगर विरुद्ध शहर' या मांडणीबद्दल आहे. उद्या कुणी हवामानाच्या प्रतिमानात ती दहापट तशीच घालेल, आणि मधला मुलूख कोरा राहील.

नकाशा उघडून ती सहा ठिकाणं पुन्हा बघा. दिल्ली आणि हैदराबाद यांच्या मधल्या पट्ट्यात वर्धा येतं. इथे मोठं महानगर नाही आणि उंच डोंगरही नाही. शेतं आहेत, पऱ्हाट्यांचा धूर आहे, उन्हाळ्याची काहिली आहे. भारताची बरीचशी जमीन अशीच आहे. डोंगरावरचं स्टेशन जरूर हवं, पण त्याच दिवसांत पायथ्याशी आणि सपाटीवरही तसंच यंत्र चालू हवं. तोवर महाबळेश्वरच्या आकड्यांना डोंगराची हवा म्हणण्याआधी तुम्हीही विचारा: त्या दुपारी वारा कुठून येत होता?